केसरोपण करण्यापूर्वी : मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा चालू औषधे असणाऱ्यांनी कामे कोणत्या क्रमाने करावीत

केसरोपणाचा विचार करणाऱ्या, पण आधीच काही गोळ्या चालू असलेल्या माणसाची चूक सहसा क्रमात होते. प्रथम जाहिरात पाहिली जाते, मग सवलतीच्या दरासाठी आगाऊ रक्कम भरली जाते, मग सुट्टी पाहून तारीख ठरते, आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या सकाळी परिचारिकेने "काही औषधे चालू आहेत का?" असे विचारल्यावर रोजची रक्त पातळ करणारी गोळी आठवते. त्या क्षणी उपलब्ध असलेले दोन्ही पर्याय वाईट असतात. एक तर गोळीचा परिणाम अंगात असतानाच काम उरकले जाते, किंवा हिरमुसून घरी परतावे लागते. पुढील टप्पे हा क्रम उलटा करण्यासाठी आहेत. त्यात तारीख सर्वांत शेवटी येते.

केसरोपण ही निवडीची शस्त्रक्रिया आहे. ती सहा महिने पुढे गेली तर काहीही बिघडत नाही, आणि खालील प्रत्येक टप्प्यावर "थांबा" असे उत्तर येऊ शकते हे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

टप्पा १ : केस नेमके कशामुळे जात आहेत हे ठरवणे

कायमचे टक्कल आणि तात्पुरती केसगळती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजार किंवा औषधे असणाऱ्यांत त्यांची गल्लत सर्वाधिक होते. डेंगी, टायफॉइड, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा वेगाने घटलेले वजन यांनंतर साधारण दोन ते तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळू लागतात, आणि कारण दूर झाल्यास पुढच्या काही महिन्यांत बहुतेक केस आपोआप परत येतात. वजन कमी करण्यासाठी किंवा मधुमेहासाठी सेमाग्लुटाइड अथवा टिर्झेपॅटाइडची इंजेक्शने घेणाऱ्यांतही वजन झपाट्याने उतरल्यावर अशी गळती दिसते. तिच्यावर केसरोपण हा उपाय नाही. थायरॉइडचा बिघाड आणि रक्तातील लोहाची कमतरता यांतही आधी मूळ आजार ताब्यात आणावा लागतो.

चाई पडलेल्या जागी केस लावून घेण्याचा आग्रहही धरू नये. चाईमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते, आणि लावलेले केस तिच्या तडाख्यातून सुटतील याची कोणतीही हमी नसते. टाळूवर लाली, खाज, जळजळ आणि गुळगुळीत झालेली त्वचा एकत्र दिसत असेल, तर व्रण पाडणाऱ्या केसगळतीची शक्यता तपासण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ टाळूचा छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. अशा आजारात तो दीर्घकाळ शांत राहिल्याशिवाय केसरोपणाचा विषयच काढला जात नाही.

*पडताळणी :* "माझ्या केसगळतीचे निदान काय?" या प्रश्नाचे उत्तर त्वचारोगतज्ज्ञाच्या हस्ताक्षरात केस पेपरवर लिहिलेले आहे का? समुपदेशक म्हणवणाऱ्या विक्री प्रतिनिधीने मोबाइलवरच्या फोटोवरून सांगितलेला ग्राफ्टचा, म्हणजे काढून लावायच्या केसांच्या मुळांचा, आकडा म्हणजे निदान नव्हे.

टप्पा २ : औषधांची खरी यादी तयार करणे

हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते अर्धवट होते. स्मरणशक्तीवर विसंबून यादी करू नये. घरातील सर्व पाकिटे, बाटल्या, पंप आणि मलमे एका टेबलावर ठेवावीत व प्रत्येकाचे व्यापारी नाव, आतील घटकाचे नाव, मात्रा आणि घेण्याची वेळ लिहावी. घटकाचे नाव लिहिण्याचा आग्रह अशासाठी की, पाकिटावरचे नाव दिशाभूल करते. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु कोलेस्टेरॉलसाठीची म्हणून घेतली जाणारी जोडगोळीही कधीकधी ॲस्पिरिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन यांची असते, आणि डोके दुखल्यावर पाण्यात विरघळवून घेतलेली डिस्प्रिन हीसुद्धा ॲस्पिरिनच असते, हे लक्षात येत नाही.

यादीतून हमखास सुटणाऱ्या गोष्टी अशा आहेत:

- गुडघेदुखी किंवा पाठदुखीसाठी अधूनमधून घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या.
- फिश ऑइल, जीवनसत्त्व ई, लसणाच्या किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, जिन्सेंग. यांतील काहींमुळे रक्तस्राव वाढू शकतो. रोजच्या आमटीतल्या हळद-लसणाची मात्र काळजी करू नये.
- अर्धशिशी, हात थरथरणे किंवा परीक्षेची धास्ती यांसाठी दिलेली प्रोप्रानोलोल.
- झोपेच्या, नैराश्याच्या आणि फिटच्या गोळ्या. संकोचामुळे त्या सांगितल्या जात नाहीत.
- लेबल नसलेल्या पुड्या. त्यांत काय आहे हे देणाऱ्यालाही नेमके सांगता येत नसेल, तर "घटक अज्ञात" असे स्पष्ट लिहावे.
- तंबाखू, गुटखा, मशेरी, सिगारेट, व्हेप आणि दारू. निकोटिनमुळे त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जखम उशिरा भरते, आणि लावलेल्या भागातील त्वचा काळी पडून मरण्याचा धोका वाढतो. मशेरी फक्त दातांना लावली जाते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही, निकोटिन हिरड्यांतूनही शोषले जाते.

याच कागदाच्या मागच्या बाजूला ॲलर्जी लिहावी. येथे एक साधा प्रश्न फार उपयोगी पडतो: दात काढताना भुलेचे इंजेक्शन घेतले होते का, आणि त्यानंतर काय झाले? केसरोपणात बहुधा तेच औषध, म्हणजे लिग्नोकेन, वापरले जाते. त्या वेळी चक्कर, अंगावर गांधी, श्वास लागणे किंवा छातीत जोरात धडधड झाली असेल, तर ते जसेच्या तसे सांगावे. ही खरी ॲलर्जी होती, भीती होती की भुलेत रक्तस्राव कमी करण्यासाठी मिसळलेल्या ॲड्रिनलिनचा परिणाम होता, हे डॉक्टर ठरवतील.

इशारा : यादी झाल्यावर त्यातील एकही डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. पुढचे दोन टप्पे त्यासाठीच आहेत.

टप्पा ३ : आपला आजार शस्त्रक्रियेच्या नेमक्या कोणत्या भागाला छेद देतो हे समजून घेणे

केसरोपण टाळू बधिर करून होते, त्यामुळे "यात काही धोका नाही" असे सर्रास सांगितले जाते. ते पुरते खरे नाही. डोक्याच्या मागच्या भागातून मुळे काढून पुढे लावताना हजारो बारीक छेद घेतले जातात, दोन-अडीच हजार ग्राफ्टच्या कामाला सहा ते आठ तास लागू शकतात, आणि लिग्नोकेनबरोबर रक्तस्राव कमी करणारे ॲड्रिनलिन टोचले जाते. रक्त गोठणे, साखर, रक्तदाब आणि भुलेची मात्रा या चार ठिकाणी जुने आजार आडवे येतात.

*रक्त पातळ करणारी औषधे.* ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांचा बिंबिकांवरील (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींवरील) परिणाम शेवटच्या गोळीनंतर सुमारे ७ ते १० दिवस रेंगाळतो. त्यामुळे "काल रात्रीची गोळी घेतली नाही" याला काही अर्थ नसतो. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) पाहावा लागतो, तर ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांचे वेळापत्रक मूत्रपिंडाच्या कार्यावरही ठरते. येथे दोन परिस्थितींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हृदयविकार कधीच झालेला नसताना कोणीतरी खबरदारी म्हणून ॲस्पिरिन सुरू केलेले असेल, तर काही दिवस थांबवायला डॉक्टर सहज परवानगी देऊ शकतात. पण स्टेंट बसवलेला असेल आणि दोन गोळ्या जोडीने चालू असतील, तर त्या मध्येच बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. स्टेंटनंतरचे पहिले ६ ते १२ महिने निवडीच्या शस्त्रक्रिया टाळण्याचाच सल्ला दिला जातो, आणि माझ्या मते केसांसाठी या सल्ल्याला अपवाद शोधू नये. हृदयाची कृत्रिम झडप, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात असणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

*मधुमेह.* केवळ मधुमेह आहे म्हणून केसरोपण नाकारले जात नाही, पण साखर अनियंत्रित असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि जखम रेंगाळते. एचबीए१सी ७ च्या आसपास असेल तर सहसा अडचण येत नाही. ८ च्या वर असल्यास आधी तीन महिने साखरेवर काम करणे शहाणपणाचे आहे, कारण ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते आणि आठवडाभराच्या पथ्याने ती फारशी हलत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे हा आकडा खोटा चढू शकतो, तर सिकलसेलसारख्या रक्तविकारात तो भरवशाचा राहत नाही. अशा वेळी घरच्या ग्लुकोमीटरवरील नोंदी सोबत न्याव्यात.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना उलटा धोकाही असतो. सकाळची मात्रा घेतली, पण कामाच्या ओघात दुपारचे जेवण लांबले, तर साखर एकदम घसरते. आठ तास पालथे किंवा उताणे पडलेल्या माणसाचा घाम आणि थरथर ही भीतीची लक्षणे समजली जाण्याची शक्यता असते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना उपाशी राहावे लागणार असेल, तर ही औषधे साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगितली जातात. याचा निर्णय मधुमेहाच्या डॉक्टरांनी द्यावा.

*रक्तदाब.* येथील नेहमीची चूक म्हणजे "आज शस्त्रक्रिया आहे" म्हणून सकाळची रक्तदाबाची गोळी न घेणे. दाब वाढलेला असेल तर टाळूतून रक्त जास्त येते, ग्राफ्ट बसत नाहीत आणि ॲड्रिनलिनने दाब आणखी चढू शकतो. १८० वर ११० किंवा त्याहून अधिक दाब असेल तर नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. डॉक्टरांकडे गेल्यावरच दाब वाढतो असे ज्यांना वाटते, त्यांनी आधीच्या दोन आठवड्यांत घरी सकाळ-संध्याकाळ मोजलेले आकडे लिहून न्यावेत.

प्रोप्रानोलोलचा वेगळा उल्लेख आवश्यक आहे. या गोळीच्या प्रभावाखाली ॲड्रिनलिन मिळाल्यास रक्तदाब एकाएकी खूप चढून नाडी मंदावू शकते, शिवाय शरीरातून लिग्नोकेनचा निचराही सावकाश होतो. ती अचानक बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून ती लपवणे आणि परस्पर बंद करणे या दोन्ही चुका सारख्याच गंभीर आहेत. नैराश्यावरच्या ॲमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांमुळेही ॲड्रिनलिनचा परिणाम वाढतो.

*इतर काही परिस्थिती.* यकृताचा आजार असल्यास लिग्नोकेनची सुरक्षित मात्रा घटते. फिटचा आजार असणाऱ्यांनी एकही गोळी चुकवू नये, कारण लिग्नोकेनची मात्रा अति झाल्यास ते स्वतःच झटके आणू शकते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी ते अचानक थांबवल्यास शरीर ताण सहन करू शकत नाही, आणि मेथोट्रेक्सेटसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांत संसर्गाचा विचार करावा लागतो. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर जाड, वाढत जाणारे व्रण उठत असतील, तर ते शरीरावर कुठे आहेत हे सर्जनला दाखवावे. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस असणे म्हणजे आपोआप अपात्रता नव्हे. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार एचआयव्हीच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही आणि एचआयव्हीच्या तपासणीसाठी संमती घ्यावी लागते.

टप्पा ४ : उपचार करणाऱ्या डॉक्टरांची लेखी चिठ्ठी

आता, आणि पैसे भरण्यापूर्वी, आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे किंवा हृदयरोगतज्ज्ञाकडे जावे. नुसते "फिट आहे" एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र आणू नये, कारण त्यातून सर्जनला काहीही कळत नाही. डॉक्टरांना शस्त्रक्रियेचे स्वरूप सांगावे: टाळू बधिर करून, ॲड्रिनलिनसह लिग्नोकेन वापरून, सहा ते आठ तासांचे काम, शेकडो ते हजारो छेद. त्यानंतर या प्रश्नांची उत्तरे लिहून मागावीत:

१. कोणती औषधे चालूच ठेवायची?
२. कोणती थांबवायची, किती दिवस आधी, आणि नेमकी कधी पुन्हा सुरू करायची?
३. ॲड्रिनलिन चालेल का, त्यावर काही मर्यादा आहे का?
४. नंतर कोणते वेदनाशामक आणि प्रतिजैविक टाळायचे?

दुसऱ्या प्रश्नातील शेवटचा भाग सर्वाधिक विसरला जातो. गोळी थांबवण्याची तारीख सगळ्यांना पाठ असते. ती पुन्हा सुरू करण्याची तारीख कोणीच लिहीत नाही, आणि रुग्ण पुढचे कित्येक आठवडे तसाच राहतो.

*पडताळणी :* सर्जन म्हणतो "गोळी थांबवा" आणि हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात "थांबवू नका", असे झाल्यास मध्यस्थी रुग्णाने करू नये. दोघांना फोनवर बोलू द्यावे. तरीही एकमत झाले नाही, तर हृदयाच्या डॉक्टरांचे ऐकावे.

टप्पा ५ : तपासण्या

सामान्यतः हिमोग्राम, उपाशीपोटीची साखर व एचबीए१सी, रक्त गोठण्याच्या तपासण्या, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि ईसीजी सांगितले जातात. थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) यांच्या तपासण्या पहिल्या टप्प्यात झालेल्या नसतील, तर आता कराव्यात. अहवाल सर्जनने तारीख ठरवण्याआधी पाहिले पाहिजेत. शस्त्रक्रियेच्या सकाळी रक्त घेऊन तासाभरात काम सुरू करणाऱ्या ठिकाणी त्या तपासणीचा उपयोग केवळ फाइल भरण्यापुरताच असतो.

टप्पा ६ : सर्जन आणि जागा निवडणे

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केसरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले शिक्षण पुरेसे नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे, आणि जबाबदारी प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरवर टाकली आहे. तंत्रज्ञ मदत करू शकतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सर्जनचा नोंदणी क्रमांक मागून तो राज्याच्या वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत पाहावा. पदवी त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीची आहे का, हेही तपासावे.

आजार असणाऱ्या माणसाने यापलीकडे आणखी काही प्रश्न विचारणे भाग आहे. पूर्ण वेळ नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजनवर लक्ष कोण ठेवणार? ऑक्सिजन, तातडीची औषधे आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) त्याच जागी आहेत का? गुंतागुंत झाल्यास कोणत्या रुग्णालयात हलवणार, आणि ते किती मिनिटांवर आहे? झोपेचे इंजेक्शन देणार असल्यास भूलतज्ज्ञ हजर असेल का?

भुलेच्या मात्रेबद्दलही विचारावे. ॲड्रिनलिनसह लिग्नोकेनची कमाल मात्रा सर्वसाधारणपणे वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम धरतात. ६० किलोच्या माणसाला ती ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्के द्रावणाचे सुमारे २१ मिलिलिटर होते, आणि यकृत किंवा हृदय कमकुवत असल्यास त्याहून कमी. आपले वजन काट्यावर करून कागदावर लिहिले गेले का, एवढे पाहिले तरी त्या ठिकाणची शिस्त कळते. एकाच बैठकीत प्रचंड संख्येने ग्राफ्ट लावण्याचे आमिष म्हणूनच नाकारावे. काम लांबते तशी भूल पुन्हापुन्हा टोचावी लागते. दोन बैठका घेणे हाच आजारी माणसासाठी योग्य मार्ग आहे.

तारीख आता ठरवावी. साखरपुडा किंवा लग्न यांच्याशी ती जुळवू नये, कारण लावलेले केस पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक गळून पडतात, वाढ तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसते आणि पूर्ण चित्र वर्षभराने स्पष्ट होते.

टप्पा ७ : आधीचा आठवडा आणि तो दिवस

तंबाखू व सिगारेट किमान दोन ते तीन आठवडे आधी बंद असावी आणि नंतरही तितकेच दिवस. आठवडाभर दारू नको. चौथ्या टप्प्यातील चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणेच औषधे थांबवावीत, त्याहून एक जास्त नाही आणि एक कमी नाही.

सकाळी नेहमीच्या गोळ्या चिठ्ठीप्रमाणे घ्याव्यात आणि उपाशी राहण्याची सूचना नसेल तर नाश्ता करून जावे. त्या दिवशी संकष्टी किंवा नवरात्राचा उपवास येत असेल, तर तारीख बदलावी. पुढून बटणे असलेला सदरा घालावा, म्हणजे नंतर तो डोक्यावरून काढावा लागत नाही. मधुमेहींनी ग्लुकोमीटर व साखर सोबत ठेवावी आणि दर दोन तासांनी साखर तपासण्याचे आधीच ठरवून घ्यावे. सोबत एक जबाबदार व्यक्ती असावी, आणि औषधांच्या यादीची प्रत तिच्याकडेही असावी.

इशारा : काम चालू असताना तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूसारखी चव, कानात आवाज, छातीत दुखणे किंवा श्वास लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच क्षणी सांगावे. "काम संपत आलेच आहे" म्हणून गप्प राहू नये.

टप्पा ८ : घरी परतल्यावर

नंतरच्या औषधांची चिठ्ठी बहुधा सर्वांना सारखीच, छापील असते, आणि जुने आजार असणाऱ्यांची फसगत येथे होते. कपाळावर सूज येऊ नये म्हणून काही दिवस प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड देण्याची पद्धत आहे. मधुमेहींची साखर त्याने भराभर चढते, त्यामुळे ते घ्यावे का आणि घेतल्यास साखरेचे औषध कसे बदलावे, हे आधी विचारावे. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असलेल्यांसाठी आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅकपेक्षा पॅरासिटामॉल बरे. वॉरफरिन घेणाऱ्यांत अनेक प्रतिजैविकांमुळे आयएनआर वाढतो, म्हणून काही दिवसांत तो पुन्हा तपासावा. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी प्रत्येक नवी गोळी दाखवल्याशिवाय घेऊ नये.

पहिले काही दिवस उशांवर डोके उंच ठेवून झोपावे. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळ व डोळ्यांभोवती उतरणारी सूज सामान्य असते, आणि खपल्या साधारण सात ते दहा दिवसांत सुटतात. त्या नखाने काढू नयेत. सर्जन परवानगी देईपर्यंत हेल्मेट घालता येत नाही. याचा अर्थ तेवढे दिवस दुचाकी चालवायची नाही, हेल्मेटशिवाय चालवायची असा नव्हे.

ताप, वाढत जाणारे दुखणे, पू, लावलेल्या भागातील त्वचा काळसर पडणे, किंवा स्वच्छ गॉज १५ मिनिटे दाबून धरूनही न थांबणारे रक्त असल्यास सर्जनला लगेच दाखवावे. छातीत दुखणे, श्वास लागणे किंवा अंगभर गांधी आल्यास सर्जनच्या फोनची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे.

टप्पा ९ : पुढे चालू राहणारी केसांची औषधे

शस्त्रक्रियेने लावलेले केस टिकले तरी आजूबाजूचे मूळ केस गळतच राहतात, म्हणून फिनास्टराइड आणि मिनॉक्सिडिल दीर्घकाळ सुचवले जातात. ती औषधे आता टप्पा २ मधील यादीत लिहावीत. तोंडाने घ्यायचे मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाब उतरवणारे औषध आहे. हृदयविकार, पायांवर सूज किंवा रक्तदाबाच्या इतर गोळ्या असतील, तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये. फिनास्टराइडमुळे लैंगिक तक्रारी आणि नैराश्य येऊ शकते, आणि युरोपीय औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा त्याचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. ज्यांना पूर्वी नैराश्य आले होते त्यांनी हे मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे आणि घरातील एका माणसाला कल्पना देऊन ठेवावी. घरात गर्भवती स्त्री असल्यास तिने या गोळीचा तुटलेला तुकडा हाताळू नये, आणि गोळी चालू असताना व बंद केल्यानंतर महिनाभर पुरुषाने रक्तदान करू नये.

पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांसाठी आणखी एक गोष्ट आहे. फिनास्टराइड काही महिने घेतल्यावर प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो. तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना केसांची गोळी ठाऊक नसेल, तर वाढलेला पीएसए त्यांना सामान्य वाटू शकतो. म्हणून प्रयोगशाळेच्या अर्जावरच "फिनास्टराइड चालू, अमुक महिन्यापासून" असे लिहून द्यावे.